थांबेल की नाही, हे सिद्ध कोणी करायचे?

३१ डिसेंबर २००८ च्या पहाटे अमेरिकेत अनेकांची 'झून' यंत्रे एकाएकी गोठली. झून म्हणजे ॲपलच्या आयपॉडशी स्पर्धा करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये बाजारात आणलेले गाणी ऐकण्याचे यंत्र. बिघाड फक्त ३० जीबीच्या मॉडेलमध्ये होता, पण तो सगळीकडे एकाच दिवशी झाला. कारण लवकरच सापडले. घड्याळाच्या चिपसाठी लिहिलेल्या कोडमध्ये एक छोटा लूप होता. १९८० पासून लोटलेले एकूण दिवस घ्यायचे, त्यातून एकेका वर्षाचे दिवस वजा करत जायचे आणि ३६५ किंवा त्याहून कमी उरले की थांबायचे. वर्ष लीप असेल, तर मात्र ३६६ हून अधिक दिवस उरले असतील तरच वजाबाकी करायची. २००८ हे लीप वर्ष होते. त्याच्या शेवटच्या दिवशी बरोबर ३६६ उरले: थांबायला एक जास्त, वजाबाकीला एक कमी. लूप त्याच जागी फिरत राहिला. मायक्रोसॉफ्टने ग्राहकांना सल्ला दिला तो असा, की बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रिनिचच्या वेळेनुसार दुपार उलटल्यावर यंत्र पुन्हा सुरू करा.

गाणी वाजली नाहीत, एवढ्यावर निभावले. असाच लूप इन्सुलिनच्या पंपात किंवा मोटारीच्या ब्रेकमध्ये असू शकतो, आणि तिथे बॅटरी उतरण्याची वाट पाहता येत नाही. मग कुणालाही सुचेल असा उपाय आहे. एक तपासनीस प्रोग्रॅम तयार करावा. त्याच्यासमोर कुठलाही प्रोग्रॅम ठेवला, की हा कधीतरी थांबेल की फिरतच राहील, हे त्याने आधीच सांगावे. झूनचा तो लूप तर मोजक्या ओळींचा. एवढे सांगायला अडचण कसली? अडचण आहे आणि ती कायमची आहे. असा सर्वांना पुरणारा तपासनीस अजून कोणाला जमलेला नाही, असे हे प्रकरण नाही. तो असूच शकत नाही, हे १९३६ मध्ये सिद्ध झाले आहे.

त्या वर्षी आजच्या अर्थाने संगणक जगात कुठेही नव्हता. गणितातले कुठलेही विधान सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे यांत्रिकपणे ठरवणारी रीत आहे का, असा प्रश्न जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९२८ मध्ये मांडला होता. प्रिन्स्टन विद्यापीठातले अलोन्झो चर्च आणि केंब्रिजमधले ॲलन ट्युरिंग या दोघांनी, एकमेकांचे काम ठाऊक नसताना, त्याचे उत्तर 'नाही' असे दिले. निबंध पाठवला तेव्हा ट्युरिंग २३ वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते बोटीने अमेरिकेत आले आणि १९३८ मध्ये प्रिन्स्टनला चर्च यांच्याच हाताखाली त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. तिकडे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवणाऱ्या एमिल पोस्ट यांनी १९३६ मध्येच ट्युरिंग यांनी आपल्या निबंधात कल्पिलेल्या यंत्राशी विलक्षण जुळणारी रचना स्वतंत्रपणे छापली. लहानपणी अपघातात एक हात गमावलेल्या या पोलिश स्थलांतरिताला यातले पुष्कळ काही १९२० च्या दशकाच्या आरंभीच सुचले होते. ते वेळेवर प्रसिद्ध झाले नाही, म्हणून ट्युरिंगचे नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना पोस्ट आठवतात. त्यांचे विद्यार्थी मार्टिन डेव्हिस यांच्या १९५८ च्या पुस्तकाने थांबण्याच्या या प्रश्नाचे 'हॉल्टिंग प्रॉब्लेम' हे नाव रूढ केले. म्हणजे या प्रश्नाचे बरेचसे गोत्र न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचे आहे. आज जिथे सॉफ्टवेअरवर पोट असलेली हजारो मराठी घरे आहेत, त्याच पट्ट्यातले.

युक्तिवाद छोटा आहे, त्यामुळे तो पूर्णच सांगू. समजा, असा अचूक तपासनीस आपल्याकडे आहे. त्याला एक प्रोग्रॅम आणि त्या प्रोग्रॅमला पुरवायची माहिती द्यायची. तो 'थांबेल' किंवा 'थांबणार नाही' एवढेच सांगतो आणि कधी चुकत नाही. आता त्याला पोटात घेऊन एक आडमुठा प्रोग्रॅम लिहू. आडमुठ्याला कुठल्याही प्रोग्रॅमची संहिता दिली, की तो तपासनिसाला विचारतो: या प्रोग्रॅमला त्याचीच संहिता माहिती म्हणून दिली तर तो थांबेल का? उत्तर 'थांबेल' आले, तर आडमुठा मुद्दाम अखंड लूपमध्ये शिरतो. उत्तर 'थांबणार नाही' आले, तर तो ताबडतोब थांबतो. एवढा प्रोग्रॅम पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही लिहील. आता आडमुठ्याला त्याची स्वतःचीच संहिता द्या. तपासनीस 'थांबेल' म्हणाला तर आडमुठा थांबत नाही. 'थांबणार नाही' म्हणाला तर थांबतो. दोन्हीकडून तपासनीस खोटा पडतो. म्हणून कधीही न चुकणारा तपासनीस होता, हे आपले गृहीतकच चूक.

या युक्तिवादात यंत्राचा वेग कुठे आला नाही, स्मृती किती हेही आले नाही. त्यामुळे तो आजच्या संगणकाला लागू आहे तसाच उद्याच्या क्वांटम संगणकालाही लागू आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने जे काही विकले जाते त्यालाही. शेवटी तेही संगणकावर चालणारे प्रोग्रॅमच आहेत.

दोन शंका इथे नेहमी निघतात. पहिली म्हणजे, चालवून पाहावे की! चालवल्यावर प्रोग्रॅम थांबला तर प्रश्नच मिटला. पण नाही थांबला, तर अजून तासाभराने थांबेल की कधीच नाही, हे वाट पाहून कळत नाही. दुसरी शंका अधिक हुशार आहे. खऱ्या संगणकाची स्मृती मर्यादित असते; तीच अवस्था पुन्हा आली की लूप पकडता येतो, मग अशक्य ते काय? तत्त्वतः हे बरोबर आहे. पण अवघ्या एका किलोबाइट स्मृतीच्या शक्य अवस्थांची संख्या लिहायला २,४६७ अंक लागतात. विश्वाचे वय सेकंदांत मोजले तर तो आकडा १८ अंकी भरतो. तत्त्वाची ही सूट व्यवहारात कुणाच्या कामाची नाही.

आता याचा अर्थ कुठल्याच प्रोग्रॅमबद्दल काही सांगता येत नाही, असा अनेक जण घेतात आणि तिथेच घोटाळा होतो. देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची रीत घ्या. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करायची आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. २०२४ घेतले तर ४२२० वजा ०२२४ म्हणजे ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, मग ६१७४. आणि ६१७४ वर पुन्हा ६१७४ च येते. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. पुष्कळ वर्षे त्यांच्याकडे कुणी फारसे गांभीर्याने पाहिले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि मग जगाला ते कळले. ही रीत ६१७४ ला पोचल्यावर थांबेल असा प्रोग्रॅम लिहिला, तर तो नक्की थांबतो, तोही जास्तीत जास्त सात पायऱ्यांत. हे छातीठोकपणे सांगता येते, कारण पुढची शून्ये धरूनही सुरुवातीच्या संख्या अवघ्या ९,९९० आहेत आणि त्या सगळ्या तपासता येतात.

याच्या शेजारी जर्मन गणिती लोथार कोलॅट्झ यांची रीत ठेवू. कुठलीही धन पूर्ण संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा. विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. १ आले की थांबा. २७ ने सुरुवात केली तर आकडा ९,२३२ पर्यंत चढतो आणि १११ पायऱ्यांनी १ वर उतरतो. २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या सगळ्या संख्या संगणकाने तपासल्या आहेत, सगळ्या थांबतात. तरीही ही रीत प्रत्येक संख्येसाठी थांबतेच, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. दोन्ही प्रोग्रॅम पाच-सात ओळींचे, दोन्ही शाळेच्या गणितातले. एकाची खात्री हातात आहे, दुसऱ्याची नाही. कोडच्या लांबीवरून किंवा साधेपणावरून यातले काही ओळखता येत नाही.

थांबण्याच्या प्रश्नावरच हे संपत नाही. हेन्री गॉर्डन राइस यांनी सिराक्यूज विद्यापीठातल्या १९५१ च्या प्रबंधात आणि १९५३ च्या लेखात दाखवले, की प्रोग्रॅम 'काय करतो' यासंबंधीचा जवळपास कुठलाही प्रश्न सर्व प्रोग्रॅमसाठी एकाच यंत्राला हमखास सोडवता येत नाही. (योगायोग असा, की कोलॅट्झच्या कोड्याला 'सिराक्यूज प्रॉब्लेम' असेही म्हणतात.) हा प्रोग्रॅम कधी चुकीच्या जागी वाचेल का, गुप्त माहिती बाहेर पाठवेल का, हे सगळे प्रश्न राइस यांच्या कचाट्यात येतात. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्ये संगणकीय व्हायरसवरचा आपला निबंध मांडला. त्यात आडमुठ्याचीच युक्ती वापरून त्यांनी दाखवले, की प्रत्येक व्हायरस पकडणारा आणि निर्दोष प्रोग्रॅमला कधीही हात न लावणारा अँटिव्हायरस असू शकत नाही. चाळीसहून अधिक वर्षे झाली. खोक्यावर 'संपूर्ण संरक्षण' छापण्यात मात्र खंड पडलेला नाही.

ट्युरिंग यांच्या प्रमेयाचा गैरवापर दोन बाजूंनी होतो. विकणारे ते विसरतात आणि सगळे काही पकडण्याची ग्वाही देतात. बिघाड झाला, की तेच लोक ते आठवून सांगतात: सॉफ्टवेअरमध्ये चुका असायच्याच, गणितच तसे आहे. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्यात शास्त्राचा आव आहे. ट्युरिंग यांनी सिद्ध केले ते एवढेच, की सगळ्या प्रोग्रॅमना पुरणारा एक तपासनीस नाही. तुम्ही लिहिलेला एक विशिष्ट प्रोग्रॅम थांबतो हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही, असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. झूनचा लूप थांबतो की नाही, हे कागद-पेन्सिल घेऊन बसले असते तर अर्ध्या तासात कळले असते.

ज्यांना चूक परवडत नाही, ते हे केव्हाच शिकले. पॅसाडिनाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचे यान 'पाथफाइंडर' ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरले आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. एक महत्त्वाचे काम कमी महत्त्वाच्या कामांपाठीमागे अडकून पडत होते. ठरल्या वेळेत ते झाले नाही, की सारे बंद करून नव्याने सुरू करणारा पहारेकरी यानात बसवलेला होता, म्हणून ते वाचले. पृथ्वीवर दोष शोधून दुरुस्ती तिकडे पाठवण्यात आली. याच प्रयोगशाळेतल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये जिवाशी गाठ असलेल्या सॉफ्टवेअरसाठी दहा नियम प्रसिद्ध केले. दुसरा नियम असा, की प्रत्येक लूपला फेऱ्यांची ठरावीक कमाल मर्यादा हवी आणि ती मर्यादा तपासणी करणाऱ्या साधनाला सहज सिद्ध करता यायला हवी. ती सिद्ध झाली नाही, तर लूप बरोबर असला तरी नियम मोडला असे धरायचे. या नियमाने ट्युरिंगला हरवलेले नाही. कुठलाही प्रोग्रॅम तपासण्याचा हट्ट सोडला आणि तपासता येतील असेच प्रोग्रॅम लिहिण्याचे बंधन घातले, एवढेच.

मायक्रोसॉफ्टनेही हाच धडा आपल्या परीने घेतला. विंडोजच्या ड्रायव्हरमधले दोष शोधण्यासाठी रेडमंडच्या संशोधकांनी २००० च्या सुमारास उभारलेली साधने 'हो' आणि 'नाही' यांखेरीज 'ठरवता आले नाही' असे तिसरे उत्तर देतात. आमच्या मते या विद्येतले सगळे शहाणपण त्या तिसऱ्या उत्तरात आहे. 'ठरवता आले नाही' हे उत्तर आले, की पुढे काय करायचे हा प्रश्न मात्र गणिताचा राहत नाही. तो धोरणाचा होतो.

सिद्ध करण्याचे ओझे कोणावर टाकायचे, हे ठरवताना एक फरक लक्षात घ्यावा. पुरावा शोधणे अवघड असते. दिलेला पुरावा तपासणे सोपे. कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉर्ज नेक्युला आणि पीटर ली यांनी १९९६ मध्ये याच फरकावर एक व्यवस्था मांडली. कोड पाठवणाऱ्याने त्याच्याबरोबर तो सुरक्षित असल्याची सिद्धता पाठवायची. घेणाऱ्याने छोट्या, विश्वासू तपासनिसाकडून फक्त ती सिद्धता पडताळायची. सिद्धता नसेल तर कोड चालवायचाच नाही. बांधकामात हे आपण निमूट मान्य करतो: इमारतीचा आराखडा आणि हिशेब परवानाधारक अभियंत्याच्या शिक्क्यानिशी बांधणाऱ्याने सादर करायचे असतात, दिसेल त्या भिंतीची ताकद नगरपालिकेने स्वतः काढायची नसते.

हे केवळ कागदी नाही, याचे एक उदाहरण २०२४ चे आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाचे टिबोर राडो यांनी १९६२ मध्ये एक खेळ मांडला होता: ठरावीक अवस्थांचे ट्युरिंग यंत्र, कोऱ्या पट्टीवर सुरू केल्यावर, जास्तीत जास्त किती पायऱ्या चालून थांबू शकते? दोन अवस्थांसाठी उत्तर ६, तीनसाठी २१, चारसाठी १०७. पाच अवस्थांची यंत्रे सुमारे १६.७ लाख कोटी भरतात आणि त्यातल्या प्रत्येकाचा थांबतो-थांबत नाही असा निकाल लावायचा. २०२२ पासून अनेक देशांतली हौशी माणसे इंटरनेटवरून या कामाला लागली. जुलै २०२४ मध्ये त्यांनी उत्तर जाहीर केले: ४,७१,७६,८७०. सिद्धतेचा मोठा भाग संगणकाला पडताळता येईल अशा भाषेत लिहिणारी व्यक्ती टोपणनावाने वावरत होती. तिचे खरे नाव सहकाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. तरी कोणी शंका घेतली नाही, कारण माणसावर विश्वास ठेवायचा नव्हताच. पुरावा समोर होता आणि कुणीही तो आपल्या संगणकावर पडताळून पाहू शकत होते. सहा अवस्थांचे उत्तर मात्र अजून कोणाच्या हाती नाही. त्या यंत्रांत कोलॅट्झसारखीच कोडी दडलेली आहेत.

आता त्याच महिन्यात, १९ जुलै २०२४ ला, काय झाले ते पाहा. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक फाइल जगभर पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. विमाने जमिनीवर राहिली, रुग्णालयांची कामे अडली. कंपनीच्या स्वतःच्या अहवालानुसार एका जागी २१ मूल्ये अपेक्षित होती आणि पुरवली गेली २०. फाइल बाहेर पडण्यापूर्वी तपासणारा एक प्रोग्रॅम होता. त्यातही दोष होता, म्हणून त्याने ती पास केली. यात अशक्य असे काही नव्हते. २१ आणि २० यांतला फरक ओळखायला ट्युरिंग आडवे येत नाहीत.

मोटारींचा अनुभव अधिक बोलका आहे. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींनंतर नासाच्या अभियंत्यांनी दहा महिने तपास केला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक कारण सापडले नसल्याचे सांगितले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या खटल्यात वादींच्या तज्ज्ञांनी त्याच सॉफ्टवेअरवर बोट ठेवले. स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारे कोड, म्हणजे होल्झमन यांच्या पहिल्याच नियमाने निषिद्ध ठरवलेला प्रकार, हाही त्यांच्या आक्षेपांत होता. ज्युरीने ३० लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि दंडात्मक भरपाई ठरण्यापूर्वी कंपनीने तडजोड केली. दोष खरोखर कुठे होता यावर आजही एकमत नाही. मुद्दा असा, की तयार झालेले, तपासण्याच्या दृष्टीने न लिहिलेले कोड बाहेरच्या तज्ज्ञांनी अपघातांनंतर उकलत बसावे लागले आणि दोन जाणकार गटांनी दोन निष्कर्ष काढले. राइस यांचे प्रमेय माहीत असलेल्याला याचे नवल वाटू नये.

अमेरिकन सरकारला हे उमगले नाही असे नाही. मार्च २०२३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात सदोष सॉफ्टवेअरची जबाबदारी ते बनवणाऱ्यांवर टाकण्याची भाषा होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हाइट हाउसच्या सायबर कार्यालयाने गणिती सिद्धतेच्या पद्धती वापरण्याची शिफारस केली. काँग्रेसने मात्र त्याचा कायदा केला नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये उत्पादकाच्या दायित्वाच्या नियमांत सॉफ्टवेअरचा स्पष्ट समावेश केला. अमेरिकेत आजही आपण 'मान्य आहे' वर बोट ठेवतो, तेव्हा वस्तू 'जशी आहे तशी' स्वीकारतो आणि बहुतेक हमी सोडून देतो. सगळ्याच सॉफ्टवेअरकडून सिद्धता मागावी असे आमचे म्हणणे नाही. गाणी वाजवणाऱ्या यंत्राकडून तर नाहीच. पण शरीरात बसणारी उपकरणे, वाहनांची नियंत्रणे आणि कोट्यवधी संगणकांच्या गाभ्यात शिरणारे प्रोग्रॅम यांच्यासाठी 'थांबतो हे सिद्ध करा, नाहीतर चालवू नका' हा नियम कायद्यात यायला हवा. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या कोडला तो अधिकच कडकपणे लावावा, कारण तिथे लिहिणाऱ्याला जाब विचारण्याचीही सोय नसते.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांत सॉफ्टवेअर लिहिणारे, तपासणारे आणि कंपन्यांसाठी ते विकत घेणारे थोडे नाहीत. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर खरेदीच्या कंत्राटावर सही करण्यापूर्वी प्रत्येक लूपची कमाल मर्यादा कोणी सिद्ध केली आहे, तेवढे विक्रेत्याकडून लेखी मागून घ्या.